वेल्डाच्या वाट्याचं पाणी

आमचे महापौर रॉयस टॅकेट पूर्वी गुरं पाळायचे. बायको, वेल्डा, आंघोळीला गेली की चौथ्या मिनिटाला दारावर बुक्की बसायची, "विहीर आटवतेस का, बाई?" त्या बुक्क्यांपायीच काडीमोड झाला. रॉयसनी जमीन, गुरं, ट्रॅक्टर सगळं स्वतःकडे ठेवलं. वेल्डानं मागितलं फक्त जमिनीखालचं पाणी. इथे टेक्सासमध्ये ते जमिनीपासून वेगळं काढून नावावर करता येतं. भर कोर्टात रॉयस पोट धरून हसले, "घे! बस आता दिवसभर आंघोळ करत!"

बावीस वर्षांनी शहराचा तलाव तळाला गेला. पाणी कंपनीशी करार ठरला: त्याच जमिनीखालचं पाणी उपसून कंपनी पुढची तीस वर्षं शहराला देणार. सगळ्यांच्या सह्या झाल्या, उरली एकट्या वेल्डाची.

काल ती महापालिकेत आली, आम्हा सगळ्यांसाठी बार्बेक्यूचा मोठा डबा घेऊन. खाऊन बोटं चिकट झाली म्हणून हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि आतून नळाचा आवाज सुरू झाला. पाच मिनिटं झाली, सात झाली. कंपनीचा वकील पेन उघडून ताटकळत बसलेला. रॉयसना राहवेना. ते उठले, तरातरा दाराशी गेले आणि जुन्या सवयीनं त्यांनी मूठ उगारली.



मूठ हळूच खाली आली. "वेल्डा," ते अगदी मधाळ आवाजात म्हणाले, "टॉवेल आणून देऊ का गं?"