पणजीचा लग्नातला झगा

मोर्वेनाआजी पणजीचा रेशमी लग्नझगा इंग्लंडमधल्या ट्रुरोच्या संग्रहालयात तपासून घ्यायला आल्या होत्या. सोबत नात टॅमसिन होती. तिला पाचवा महिना लागला होता आणि लग्न येत्या शनिवारी होतं, त्यामुळे वाटभर आजींच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"आपल्या घराण्यात आधी चर्च, मग पाळणा. आमची पणजी बघ! व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. कुणाची बोट दाखवायची टाप नव्हती."

"हो गं आजी, कळलं!"

जुन्या कपड्यांची जाणकार हॅरिएट हिनं झगा हलक्या हातानं उलटा केला. आत, पोटावर कापडाची जादा पट्टी होती आणि हवी तेवढी सैल करता येईल अशी नाडी.

"मागाहून लावली असेल," आजी घाईनं म्हणाल्या.

"नाही हो. दोरा तोच, टाकेही तेच. झगा शिवतानाच केलीय. दिवस गेलेल्या बाईसाठी अशी सोय ठेवायचे."

टॅमसिननं हसू दाबायला खिडकीकडे तोंड फिरवलं.

आजींनी ती नाडी बोटानं ओढून पाहिली. मग हॅरिएटच्या कानाशी वाकल्या.



"नाडी पुरती सैल केली, तर हिला बसेल का हो?"