वन्संचं टनेल

सासूबाई फुलदाणीपाशी उभ्या राहून वन्संच्या ॲस्टरच्या देठांची टोकं कातरत होत्या. सकाळपासून चष्मा सापडत नव्हता, म्हणून एकेक देठ डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. कातरलेली टोकंसुद्धा स्वतःच नेऊन कचऱ्यात टाकत.

"याला म्हणतात फूल," त्या म्हणाल्या. "एवढ्या थंडीत कसं तोंड वर करून उभं आहे बघा."

बोलणं फुलदाणीशी चाललं होतं, पण ऐकायला सून होती. ती टेबलावर कप मांडत होती.

तिला घरात डावरी म्हणत. नवऱ्याने लाडाने ठेवलेलं नाव. छाटणीची कात्रीही ती डाव्याच हातात धरायची, देठाचा तिरका काप उलट्या बाजूला पडायचा आणि सासूबाईंच्या ते कधी पचनी पडलं नाही. "आमची सून जगाच्या उलटं कापते," असं त्या आल्यागेल्याला हसत हसत सांगायच्या.

थंडी पडली की या भागातली फुलं संपायची. गेल्या वर्षी सासूबाईंच्याच डोक्यातून टूम निघाली. पाइपच्या कमानी रोवायच्या, वर दुधी प्लॅस्टिक ताणायचं आणि आतल्या उबेवर फुलांचा हंगाम लांबवायचा. एक टनेल सुनेला, एक समोरच राहणाऱ्या लेकीला. बी एकाच पाकिटातलं, दोघींना वाटून दिलेलं. जिची फुलं थंडीत सरस ठरतील तिच्या हाती मागच्या मोकळ्या जागेतलं मोठं पॉलिहाऊस, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

डावरीला ते पॉलिहाऊस हवं होतं. लग्न होऊन इतका काळ लोटला, पण या घरात तिचा म्हणावा असा भिंतीतला एक खिळासुद्धा नव्हता.

तशी मेहनतीत ती कुठे कमी नव्हती. ऊन वर आलं की प्लॅस्टिकच्या कडा गुंडाळायच्या, ऊन कलायच्या आत खाली सोडायच्या, यात तिने एक दिवस चुकवला नव्हता. सकाळी तिच्या प्लॅस्टिकला आतून घाम फुटलेला असायचा. थेंब मानेवर टपटपायचे. त्या ओलीने बुरशी धरू नये म्हणून तिची नुसती तारांबळ उडायची. वन्संच्या प्लॅस्टिकला मात्र आत एक थेंब दिसत नसे. रस्त्यावरून जाताना डावरी मान वळवून बघायची, तर कोरडं ठणठणीत. ही बाई आत हवा खेळवते तरी कशी, या विचाराने तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

विचारलं तर वन्सं गोड हसायच्या. "काही नाही हो वहिनी, हाताला गुण असतो एकेकाच्या." पण दार उघडून आत काही बोलवायच्या नाहीत. गार वारा शिरतो म्हणे.

फुलं विकायचं काम नवऱ्याकडे होतं. तो दोघींच्याही बादल्या बाजारात पोचवायचा. डावरीच्या बादल्या गाडीत चढवून निघाला, की तिचा चहा निवायच्या आत परत हजर. आपल्या फुलांसाठी कोण घासाघीस करत बसणार, असं ती स्वतःला समजावायची. तोही तेच सांगायचा. कुणी विचारलं नाही, एकाला देऊन टाकली. वन्संची मात्र हातोहात खपायची. बँकेत वन्संची फुलं, दवाखान्यात वन्संची फुलं. दात काढायला गेली तर तिथेही समोर वन्संचेच ॲस्टर. डावरी जळत होती आणि आपण जळतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. आधी आधी त्याची लाज वाटायची. आता तीही वाटेनाशी झाली होती.

चहाला वन्सं आल्या, नवरा येऊन बसला आणि सासूबाईंनी निकाल देऊन टाकला.

"नवं पॉलिहाऊस लेकीचं. सूनबाई, तू तिच्या हाताखाली शीक. मन जरा मोठं ठेव."

डावरीने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता.

"आई म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "ताईच्या फुलांची सर नाही आपल्या फुलांना."

"नाहीच," डावरी म्हणाली.

प्लॅस्टिकच्या कडा सोडून येते, असं सांगून ती उठली. कात्री घेतली, पण आपल्या टनेलकडे वळली नाही. रस्ता ओलांडून ती वन्संच्या टनेलच्या मागच्या बाजूला गेली. आज रात्री पारा चांगलाच उतरणार होता. एक लांब चीर पुरेशी होती. सकाळपर्यंत आतलं एकही रोप मान वर करणार नव्हतं.

एक क्षण तिला स्वतःचीच भीती वाटली. मग दवाखान्यातले ॲस्टर आठवले. तिने कात्रीचं टोक प्लॅस्टिकमध्ये खुपसलं आणि खालपर्यंत ओढत नेलं.

आतून ऊब यायला हवी होती. पानांचा, ओल्या मातीचा वास यायला हवा होता. नुसता धुरळा आला.

तिने चीर फाकवली आणि वाकून आत शिरली. वाफ्यांतली माती भेगाळलेली होती. हाताएवढी वाढून कधीच वाळून गेलेली रोपं जागच्या जागी उभी होती. कमानींवर कोळ्यांनी जाळी विणली होती. मधोमध बादल्या होत्या आणि बादल्यांत ॲस्टर होते, आज सकाळचे, टवटवीत. शेजारच्या स्टुलावर सासूबाईंचा चष्मा होता.

तिने एक जुडी उचलली, पाणी झटकलं आणि उलटी धरली. एकूण एक देठ जगाच्या उलटं कापलेला होता.