बाळसं

राहात्याच्या बाजारात मच्छिंद्र वैद्याच्या दुकानापुढं बायांची रांग लागली होती, आणि आत पडद्यामागं रंगनाथ खलात पांढऱ्या गोळ्या कुटत बसला होता. गोळ्या इंग्रजी. पुण्याहून यायच्या. त्यांची पूड सुंठीत आणि अडुळशात मिसळून कागदात बांधली, की झाली दम्याची पुडी. नाव मात्र अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या जडीबुटीचं. हे गुपित दोघांतच होतं. रंगनाथनं बायकोलासुद्धा जडीबुटीच सांगितली होती. बायकांच्या पोटात कुठं काय राहतं, असं त्याचं म्हणणं.

धंदा तेजीत होता. दुष्काळाचं साल. जो तो खडी फोडायला जात होता आणि धुळीनं जो तो धापा टाकत होता. सकाळीच औषध कंपनीचा एक माणूस येऊन दम्याचा नवा पंप दाखवून गेला होता. तोंडात धरायचा, वरून दाबायचा, औषध सरळ छातीत. बाकी शरीराला त्याची झळ कमी, असं तो पोटतिडकीनं सांगत होता. वैद्यबुवा पोट धरून हसले. हवा विकत घ्यायला लोक काय खुळे आहेत का, म्हणाले, आणि त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं.

रांगेतून चांगुणा पुढं आली. बरोबर तिचा पोरगा. दिवाळीत आला होता तेव्हा नुसता सापळा होता. आता गाल कसे गरगरीत झाले होते. बाया ते गाल ओढून ओढून बघत होत्या. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरीवर सगळा गाव वाळला आणि हा तेवढा भरला, म्हणजे औषधाचाच गुण, दुसरं काय! रंगनाथनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि मान खाली घातली. ती या गोळ्यांची सूज होती. श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांकडं त्यानं चार वर्षं कंपाउंडर म्हणून काढली होती. अशी तोंडं त्याला नवी नव्हती. पण पोराचा दम तर थांबलाय ना, मग झालं, असं मनाला बजावून तो पुन्हा कुटायला लागला.

चांगुणानं पोराच्या पुड्या घेतल्या आणि पुतणीसाठी आणखी महिनाभराच्या मागितल्या. तिलाही दम लागतो का, वैद्यानं विचारलं. चांगुणा लाजून हसली.

"दमबिम काय न्हाई तिला. पाव्हनं बगाया येनार हायेत, अन् पोर निस्ती काटकी हाय. जरा अंग धरंल म्हनून."

मागच्या दोघीतिघींनी आपल्यालाही त्याच हव्यात म्हणून सांगितलं. वैद्यानं हसत हसत पुड्या काढून दिल्या.

रंगनाथच्या हातातला बत्ता थांबला. दमेकऱ्याला देणं एक वेळ ठीक, पण धडधाकट लेकरांना? त्यानं बाहेर येऊन वैद्याला बाजूला घेतलं, आणि हे भलतंच होतंय, असलं पाप आपल्या हातून नको, म्हणून विनवलं. वैद्यानं त्याच्याकडं नवलानं पाहिलं.

"ही वाट कोनी दावली रं? तुज्याच बायकोनं. तुजी पोर बनू बगूनच तर या बाया यायला लागल्या."

रंगनाथला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो दुकानाची पायरी उतरलासुद्धा होता. तसाच धडपडत तो घराकडं पळाला.

बनू उंबऱ्यात बसून भाकरी खात होती. सात वर्षांची पोर. संक्रांतीपासून सारखी खा खा करायची. गाल वर आले होते, आणि रंगनाथ रोज संध्याकाळी ते चिमटीत धरून म्हणायचा, आमच्या घरात दुष्काळ शिरला नाही बरं का. आता त्यानं तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. गोल, तकतकीत, वरच्या ओठावर बारीक लव. थेट चांगुणाच्या पोराचं तोंड. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

लंकाबाईनं काही लपवलं नाही. तो रात्री बांधायला पुड्या घरी आणायचा, त्यातली रोज एक ती पोरीला गुळात देत होती.

"डोंगरातली जडीबुटी हाय, तुमीच म्हनला हुता ना? मंग आपल्या लेकराला का न्हाई?"

त्यानं डब्यातल्या सगळ्या पुड्या ओंजळीत भरल्या आणि तो चुलीकडं धावला. पण हात जाळावर गेला आणि तिथंच थिजला. डॉक्टर सांगायचे, या गोळ्या सुरू करणं सोपं असतं; एकदम तोडल्या तर मूल गार पडतं आणि हाती लागत नाही. हळूहळूच उतरवायच्या. उद्या पहिल्या गाडीनं पोरीला श्रीरामपूरला न्यायचं, डॉक्टरांचे पाय धरायचे, सगळं कबूल करायचं. पण आजची पुडी चुकवायची सोय नव्हती. आणि एका पुडीत गोळी किती पडली असेल, हे ती बांधणाऱ्या रंगनाथलाही माहीत नव्हतं.

तो चुलीपुढं बसला. एक पुडी सोडली, गुळात कालवली आणि बोट बनूपुढं धरलं. पोरीनं ते चाटूनपुसून साफ केलं.

लंकाबाई कौतुकानं बघत होती.

"बापाच्या हातचं हाय," ती म्हणाली. "लई अंगी लागंल."