एक खुर्ची, दोन फोन

"होऊन जाईल, मॅडम," आठवा उमेदवार सिस्टरला म्हणाला. आधीचे सातही हेच म्हणाले होते.

सिस्टरने बावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. लोकांच्या माळ्यांवर चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या धूळ खात पडलेल्या असतात. त्या गरजूंच्या घरी पोचवणारं एक ॲप काढायचं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यासाठी चार महिन्यांपूर्वी तिने नोकरी सोडली. महिनाअखेरपर्यंत ॲप चालू झालं तर घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला तेच सुचवू, असा शब्द तिच्या जुन्या हॉस्पिटलने दिला होता. अडचण इतकीच, की ॲप कसं बनतं याचा तिला गंधही नव्हता. कुणी ॲपचं 'फ्रंट एंड, बॅक एंड' म्हटलं की तिला रुग्णाला कुशीवर वळवून पाठ पुसणं आठवायचं.

ॲप बनवणाऱ्यांच्या मुलाखती घरीच, बाहेरच्या खोलीत चालायच्या. खिडकीपाशी सासूबाई मटार सोलत बसलेल्या असायच्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या निवृत्त ऑपरेटर. तीस वर्षं लोकांचे कॉल जोडल्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचा त्यांना कंटाळा नव्हता.

"अरे, एक सांग," त्या आठव्याला म्हणाल्या. "खुर्ची एकच आहे आणि दोन घरांतून एकाच क्षणी मागणी आली. तर तुझं ॲप ती कुणाला देणार?"

"असं सहसा होत नाही, आजी."

"लाइन एक, मागणारे दोन. आमच्याकडे दर दहा मिनिटांनी व्हायचं."

तो हसला, घड्याळ बघितलं, कार्ड ठेवलं आणि गेला.

"आई, तुम्ही माझी माणसं पळवून लावताय," सिस्टर म्हणाली.

"तुला तरी कळतं का ते काय बोलतात?"

"तुम्हाला कळतं?"

"पहिल्या तिघांचं नाही कळलं," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्यापासून यायला लागलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नववी आली. तिशीची, काखेत हेल्मेट. तिने सिस्टरचं सगळं ऐकून घेतलं, पण 'होऊन जाईल' काही म्हणाली नाही. सासूबाईंनी तिलाही एक्स्चेंजचा दाखला देत तोच प्रश्न टाकला. एक खुर्ची, दोन घरं, एकच क्षण.

मुलीने हेल्मेट खाली ठेवलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय करायचात?"

संपलं, सिस्टरला वाटलं. ही तर आम्हालाच विचारतेय. पण तोवर मुलगी उठून थेट मटारांच्या ताटापाशी जमिनीवर बसली होती. सासूबाईंनी दोन शेंगा समोरासमोर मांडल्या, ही दोन घरं. मध्ये एक दाणा, ही खुर्ची.

"आधी लाइन अडवायची, म्हणजे एकाच्या नावावर धरून ठेवायची. अडवल्याशिवाय कुणालाही हो म्हणायचं नाही. दुसऱ्याला थांबायला सांगायचं. पहिला तीन मिनिटांत बोललाच नाही, तर लाइन मोकळी."

"आणि दोघंही थांबलेले असताना तिसरा आला तर?"

"तो रांगेत तिसरा. पण त्याला तसं सांगायचं. लोक थांबतात गं, कुणी काही सांगत नाही म्हणून चिडतात."

मुलीने वही काढली. मग शेंगा वाढत गेल्या. खुर्ची परत आल्याचं कुणी कळवलंच नाही तर? एकाच माणसाने दोन नंबरांवरून मागितली तर? मोडकी निघाली तर? सासूबाई दाणे सरकवत होत्या, मुलगी लिहीत होती, मध्येच खोडत होती. एकदा तर तिने सासूबाईंच्या हातातून दाणा काढून घेतला आणि भलतीकडेच ठेवला. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि मान डोलावली.

सिस्टरने तीनदा चहा केला. तीनदा तो गार झाला. तिच्याच घरात तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आणि गंमत म्हणजे तिला आता सगळं कळत होतं. शेंगा कळत होत्या, दाणा कळत होता, रांग कळत होती. हेच ॲप होतं होय. तिला हसू फुटलं. दाबलं तर आणखीच फुटलं. शेवटी ती ट्रे पोटाशी धरून दाराला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला पिसासारखं हलकं वाटत होतं.

दुपारी एकच्या सुमारास मुलगी उठली. ओढणीवरची सालं झटकून ती म्हणाली, "मी काम करीन. महिनाअखेरीला चालू करून देते. पण एक अट आहे. मी यांच्या हाताखाली काम करणार."

"सोमवारी नऊला ये," सासूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "उशीर चालायचा नाही."

मुलगी हेल्मेट घेऊन जिना उतरली. मुलीची वही जिथे होती ती जागा सासूबाईंनी फडक्याने पुसली, चष्मा नाकावर घेतला आणि दारात उभ्या असलेल्या सुनेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हं, बस. आता तू सांग," त्या म्हणाल्या. "तुला काय काय येतं?"