डॉक्टरांची थंडी

इंजिनीयरबाईंनी पेचकस मागितला आणि एदिलबेर्तो मिस्त्री तो पिशवीत उगाचच शोधत बसला. समोर भिंतीवर थंडी कमीजास्त करायची डबी होती. पांढरी, तळहाताएवढी, मधोमध फिरवायची चकती. ती होती खुद्द मोठ्या साहेबांच्या, म्हणजे डॉक्टर मानोतासांच्या खोलीतली. चकती सोळा अंशांवर होती. आणि डबीच्या मागे वायरच जोडलेली नव्हती.

वायर एदिलबेर्तोनेच कापली होती, सहा वर्षांपूर्वी, एका रविवारी. करणार काय बिचारा? समुद्रकाठच्या बारांकिया गावचं ऊन, पाच मजली सरकारी कचेरी आणि जितके साहेब तितक्या तऱ्हा. या गावात साहेबाची उंची थंडीवर मोजतात. ज्याची टायपिस्ट भर दुपारी स्वेटर घालून बसते तो मोठा. शिवाय गळ्यात टाय बांधला की माणूस डॉक्टर होतो, शिकायची कटकट नाही. त्या कचेरीत असे चाळीसेक डॉक्टर होते आणि साधा ताप उतरवता येईल असा एकही नव्हता. एकाला सोळा हवं, त्याच्यावर कुरघोडी म्हणून दुसऱ्याला पंधरा, भिंतीपलीकडच्या बाईंना सव्वीस. गच्चीवरचं यंत्र दर महिन्याला मान टाकायचं आणि बोलणी मिस्त्रीला. शेवटी त्याने सगळ्या डब्यांच्या वायरी कापल्या, वर यंत्र चोवीसवर बांधून टाकलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

सोमवारी त्याची गाळण उडाली होती. डॉक्टर मानोतास आले, चकती सोळावर नेली, लोकरीच्या कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, आता कुठे माणसात आल्यासारखं वाटतंय. टायपिस्टबाईंनी मुकाट्याने स्वेटर चढवला. त्यानंतर सहा वर्षं कोणाची एक तक्रार नाही. डॉक्टरांना तर एकदा सर्दीसुद्धा झाली.

पण पलीकडच्या कचेरीच्या दारावर हिरव्या पानाची पाटी लागली, वीज वाचवणारी इमारत म्हणून. मग मानोतासांना चैन पडेना. त्यांनी बोगोताहून कंपनी बोलावली. खिडक्यांच्या काचा बदलायच्या, छताला अस्तर लावायचं, दिवे नवे, आणि प्रत्येक साहेबाच्या भिंतीवर नवं कोरं पॅनल. एदिलबेर्तोला हसू आलं होतं. बोगोता डोंगरावर. तिथली माणसं बारा महिने गारठलेली, आणि ती येणार इथल्यांना उन्हाची शिकवणी द्यायला. पण त्यांची ही इंजिनीयर उमान्याबाई निराळी निघाली. तीन दिवस ती तापमापक घेऊन खोलीखोलीतून फिरली. कुठे चकती सोळावर, कुठे सव्वीसवर, आणि तापमापकात जिकडेतिकडे चोवीस. आज ती सरळ मानोतासांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

मानोतासांनी तर सकाळीच बजावलं होतं, ज्याच्या हातून बिघाड झालेला सापडेल तो त्याच दिवशी घरी. एदिलबेर्तोच्या पेन्शनला चौदा महिने उरले होते. सहा वर्षं या डॉक्टरांची अक्कल त्याने फुकट झाकली होती, आणि आता हेच त्याला हाकलणार.

बाईंनी झाकण काढलं. आत डोकावल्या. कापलेली टोकं, त्यावर काळी टेप, टेपवर धूळ. मग त्यांनी वळून मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री जमिनीकडे बघत होता.

"काय सापडलं?" मानोतास खुर्चीतूनच म्हणाले. "कोणाची करणी आहे ते सांगा, बाकी मी बघतो."

बाईंनी झाकण जागेवर बसवलं, स्क्रू पिळले.

"बिघाड नाही, डॉक्टर. या इमारतीत नीट चालणारी हीच एक वस्तू आहे."

मानोतास फुलून गेले. सोळाला डोकं कसं तल्लख चालतं हे त्यांनी सांगितलं, अगदी कोटाची बाही चाचपत. फक्त नवं पॅनल चौदापर्यंत तरी उतरलं पाहिजे, अशी त्यांची अट होती. बाई म्हणाल्या बारापर्यंत उतरेल. साहेबांनी समाधानाने हात चोळले.

बाहेर आल्यावर मिस्त्रीने शिडी भिंतीला टेकवली. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, पण बाईंना माफीत रस नव्हता. अशा किती डब्या आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. बासष्ट, तो म्हणाला, सगळ्या तशाच. कोणाला सांगितलंत? बायकोलासुद्धा नाही. बाई खूश झाल्या. नवी पॅनल तुम्हीच बसवायची, म्हणाल्या, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.

म्हणजे नोकरी वाचली. पण एदिलबेर्तोचा जीव गच्चीवरच्या यंत्रात अडकला होता. सहा वर्षं त्याने ते आजारी म्हातारीसारखं सांभाळलं होतं. बाईंनी खोक्यातून एक पॅनल काढून त्याच्या हातात दिलं. काळी काच, बोट लावलं की निळा उजेड, आकडे सरसर खाली. चौदा, तेरा, बारा. त्याला रडू येईल असं वाटलं.

"बाई, हे जोडलं तर महिन्याभरात यंत्र बंद पडेल," तो म्हणाला. "एकदा सोळाची चटक लागली की हे डॉक्टर ऐकायचे नाहीत."

बोलता बोलता वायर कुठे जोडायची ते बघायला त्याने पॅनल उलटं केलं. मागे दोन बारके सेल होते. बाकी सगळं गुळगुळीत.

उमान्याबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्याही पॅनलला वायर नसते, मिस्त्री. बोगोतात काय डॉक्टर कमी आहेत?"