दुसरी कडी
कॅम्पर व्हॅनचा मागचा टायर फुटला, गाडी भेलकांडली आणि तिच्या धक्क्याने पडलेल्या मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. छापखाना विकून बायकोबरोबर भटकायला निघालेला म्हातारा टायरवाल्याला शिव्या घालत होता. हवालदाराने आत डोकावून पाहिलं. पलंगाखाली, ओट्याखाली, सगळीकडे छपाईच्या शिशाच्या अक्षर-खिळ्यांनी भरलेल्या पेट्या होत्या. “एवढ्या वजनापुढे टायर काय करणार, काका? चालवत कोण होतं?” “मी,” बायको म्हणाली. म्हाताऱ्याचा आवाज उतरला. “साहेब, पेट्या माझ्या. ही नको म्हणत होती.” “लिहून घेतो. पण चौकीवर आधी चालवणाऱ्याला यावं लागेल.” तिने त्याच्या गोळ्या त्याच्या खिशात ठेवल्या. “जेवल्यावर घ्या,” म्हणाली आणि जीपमध्ये बसली. जीप गेल्यावर तो पहिली पेटी उतरवायला गेला. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या; एकच धरून ती हलेना. गाडीत चढवताना दुसरी कडी तिनेच धरली होती.