बटण सापडत नाही

“बटण सापडलं नाही.” पडद्यावर लाल ओळ पुन्हा उमटली आणि नवीने कपाळावर हात मारून घेतला.

ऑफिसात तिला सगळे नवीच म्हणत. कालपरवापर्यंत ती वेबसाइटवरची बटणं हाताने दाबून तपासायची. आता तेच काम आपोआप करणारी स्क्रिप्ट तिने रुबी या संगणकभाषेत लिहिली होती, आयुष्यातली पहिली. वेबसाइट एका इस्पितळाच्या डायलिसिस विभागाची. स्क्रिप्टने ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचं आणि उद्याच्या यादीतल्या पहिल्या रुग्णाची वेळ रद्द करायची, एवढंच. रुग्ण अर्थातच खोटे, तपासणीपुरते भरलेले. चार वाजता मॅडम बघायला येणार होत्या. स्क्रिप्ट चालली तर नवी कायम, नाही तर महिनाअखेर नमस्कार.

“दादा, जरा येता का? माझं डोकं चालेनासं झालंय.”

दादा म्हणजे टीममधला सगळ्यात जुना माणूस. कुणाचंही कोड वाचताना आधी नाक मुरडायचा आणि मग मदत करायचा. तो खुर्ची ओढत आला आणि त्याने नाक मुरडलं.

“सकाळी चालत होती?”

“चालत कसली, पळत होती! नुसती हिरवी ओळ. मग मी तिला लूपमध्ये टाकली आणि जेवायला गेले. तुम्हीच म्हणालात ना, एकदा पास झाली म्हणजे पास नव्हे, परत परत चालवून बघ.”

“म्हणालो होतो खरा.” त्याने कोड वाचलं. “अगं, पान पुरतं उघडायच्या आधीच तुझी स्क्रिप्ट बटण शोधायला धावतेय. तिला थोडं थांबायला शिकव.”

त्याने थांबण्याची ओळ घातली. ब्राउझर उघडला, पान आलं, स्क्रिप्ट शहाण्यासारखी थांबली आणि पुन्हा तीच लाल ओळ. थांबण्याचा वेळ वाढवला, तरी लाल. बटणाचं नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. त्यातही चूक नव्हती.

“हट्टी आहे बया,” दादा पुटपुटला. “सकाळी कुणाचं नाव येत होतं?”

“दरवेळी वेगळंच. कुणी आजोबा, कुणी बाई. पण दादा, ती खोटी माणसं ज्याने भरलीत ना, त्याला मानलं पाहिजे. पत्ता, फोन, रक्तगट, सगळं आहे. एका बाईंपुढे तर लिहिलं होतं, सोबत कुणी येत नाही, परत जाताना गाडीपर्यंत सोडावं.”

माऊसवरचा दादाचा हात थांबला. तपासणीची माणसं त्याने स्वतः भरली होती. कंटाळून सगळ्यांचं नाव ‘अबक’ ठेवलं होतं आणि फोनच्या जागी नुसती शून्यं.

बटण सापडलं नाही की त्या क्षणी पानाचा फोटो काढून ठेव, अशी एक ओळ त्याने स्क्रिप्टमध्ये घातली आणि ती चालवली. लाल ओळ आली. त्याने फोटो उघडला.

पान अगदी नीटनेटकं होतं. वर इस्पितळाचं नाव, त्याखाली उद्याची तारीख. यादीच्या जागी एकच वाक्य होतं: उद्यासाठी कोणाचीही वेळ ठरलेली नाही.

“म्हणजे बटण नाहीच आहे!” नवीचा जीव भांड्यात पडला. “स्क्रिप्ट बरोबर आहे, दादा. रद्द करायला कुणी उरलंच नाही, मग बटण कुठून सापडणार?” आणि ती हसली.

दादा हसला नाही. तो पडद्याच्या वरच्या कडेला असलेला वेबसाइटचा पत्ता वाचत होता.

“हा पत्ता कुठून घेतलास?”

“इस्पितळाच्या मेलमधून. लॉगिन पण तिथलंच.”

“आपण तपासणी करतो ती साइट वेगळी, बाळा,” तो हळूच म्हणाला. “ही त्यांची खरी आहे.”

यादीतल्या माणसांचं रक्त डायलिसिसचं मशीन साफ करतं, हे नवीला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. वेळ चुकली तर काय होतं तेही सांगितलं होतं.

“परत येतील ना?” ती म्हणाली. “दादा, परत येतील ना सगळे?”

दादाने इस्पितळाचा नंबर फिरवला. तो व्यस्त लागला. त्याने पुन्हा फिरवला.

मॅडम दारातूनच म्हणाल्या, “काय गं, चालली का तुझी स्क्रिप्ट?”

चालली होती. यादी रिकामी होईपर्यंत एकदाही न अडखळता चालली होती.

तेवढ्यात काचेपलीकडे मदतकक्षातला फोन वाजला. तिथल्या ताईंनी तो उचलला. इस्पितळाच्या साइटबद्दलच्या रुग्णांच्या तक्रारी त्याच घेत, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

“नाही हो आजोबा, मेसेज चुकून कसा येईल? इथे दिसतंय ना मला. वेळ रद्द झाली आहे... कारण? थांबा हं, कारणही आहे. ‘रुग्णाच्या विनंतीवरून.’”

साइटने रद्द करण्याचं कारण विचारलं की दिलेल्या कारणांतलं पहिलं उचल, असं नवीनेच स्क्रिप्टला सांगितलं होतं.

मदतकक्षातला दुसरा फोन वाजू लागला. मग तिसरा. ताई घाई न करता, समजुतीने बोलत होत्या.

“म्हणजे तुम्हीच नको म्हणालात ना, आजोबा.”